‘सिंक चालू आहे ना, मग बॅकअप कशाला?’

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. म्हणणं असं: पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डाखाली जपणारं ॲप) असेल तर वेगळा बॅकअप नको, सगळं क्लाउडवर असतंच. हवाच असेल तर सीएसव्ही फाइल, म्हणजे नोंदींची साधी यादी, काढून स्वतःला मेल करा. आणि मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनी काढून देते. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी सिंकचं, म्हणजे क्लाउडमार्फत सगळ्या उपकरणांवर एकच यादी ठेवण्याचं. रामबागेतल्या माझ्या मामेबहिणीला जुना लॅपटॉप विकायचा होता. तिने मॅनेजर उघडून सगळ्या नोंदी पुसल्या, वर कचरापेटीही रिकामी केली. तिला वाटलं, हे फक्त या लॅपटॉपवरून जातंय. चहा होईपर्यंत फोनवरची यादीही कोरी झाली होती. सिंकने त्याचं काम चोख केलं होतं: एकीकडे पुसलं ते सगळीकडे पुसलं. मग समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), वीजबिल, मामीच्या पेन्शनची बँक, एकेक खातं ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून उघडायचं. दोन ठिकाणी ओटीपी मामांच्या जुन्या नंबरावर जात होता. मामा गेले तेव्हाच तो नंबर बंद केला होता. तिचा तेव्हाचा आवाज मला अजून आठवतो, म्हणून हे लिहितोय. बॅकअप म्हणजे सिंकच्या हाताला न लागणारी, वेगळी ठेवलेली प्रत.

सीएसव्ही मेल करणं तर सरळ धोक्याचं. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. साइटचा पत्ता, स्वल्पविराम, युजरनेम, स्वल्पविराम, पासवर्ड, सगळं उघडं. मेल केली की ती डाउनलोड्समध्ये, पाठवलेल्या मेलमध्ये आणि इनबॉक्समध्येही राहते. शिवाय ती अपुरी असते: बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरच्या सीएसव्हीत लॉगिन आणि नोट्स येतात, कार्डं येत नाहीत. त्याऐवजी फाइल काढताना एन्क्रिप्टेड जेसन, म्हणजे कुलूपबंद फाइलचा पर्याय, निवडा आणि त्यातही ‘पासवर्ड प्रोटेक्टेड’ प्रकार. दुसरा प्रकार त्याच खात्याला बांधलेला असतो. खातंच गेलं तर फाइल निरुपयोगी. फाइलचा पासवर्ड लांब ठेवा. २०२२ मध्ये लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या, प्रती चोरीला गेल्या, तेव्हा ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता त्यांनाच जास्त धोका होता.

कंपनी पासवर्ड काढून देते, हेही खरं नाही. बिटवॉर्डनसारख्या सेवेत तिजोरीची किल्ली मुख्य पासवर्डापासून तुमच्याच फोनवर तयार होते. तो पासवर्ड कंपनीकडे पोचतच नाही, तर ती देणार कुठून? तो कागदावर लिहा. टू-स्टेप लॉगिन (पासवर्डानंतर आणखी एक कोड मागणारं) लावलं असेल तर त्याचा रिकव्हरी कोडही लिहा, कारण फोन हरवला तर रोजचा कोड देणारं ॲपही त्याच फोनमध्ये असतं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: बॅकअप परत आणून बघा. एक नवं मोफत खातं उघडा, त्यात फाइल इम्पोर्ट करा, चार-पाच नोंदी तपासा, मग ते खातं काढून टाका. चालू खात्यावर हा प्रयोग नको. बिटवॉर्डन इम्पोर्ट करताना जुन्या नोंदी ताडून बघत नाही, त्यामुळे सगळं दुप्पट होऊन बसतं.

मामेबहिणीची फाइल आता दोन पेनड्राइव्हवर असते, एक तिच्याकडे आणि एक आमच्याकडे. कागद कपाटात, घरपट्टीच्या पावत्यांच्या पाकिटात आहे आणि तो कुठे आहे ते मामीलाही माहीत आहे.