केमो चालू असताना ताप आला, तर तीन दिवस वाट पाहायची नसते

‘कॅन्सरच्या रुग्णाला कोरोना झाला की तो वाचत नाही, म्हणून केमो लगेच थांबवा. ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन तीन दिवस घरीच ठेवा. लस अजिबात नको, काखेत गाठी येतात.’ हा मेसेज पुन्हा फिरतोय आणि केमोची पुढची तारीख ठरलेल्या घरांतही पोहोचलाय. तिथे तो जीव घेऊ शकतो.

आधी तापाचं बोलू, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. अनेक केमोंनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तळ गाठतात. त्या एका मायक्रोलिटर रक्तात 500च्या खाली गेल्या की पू होत नाही, लाली-सूजही फारशी दिसत नाही, कारण ते सगळं याच पेशींमुळे होतं. मागे उरते एकच खूण, ताप. आणि हा मेसेज नेमकी तीच खूण पॅरासिटामॉलने पुसायला सांगतो! ताप एकदाच 101 फॅरनहाइटला पोहोचला किंवा 100.4च्या वर तासभर टिकला, तर रात्र असो वा सुट्टी, हॉस्पिटल गाठायचं. गोळी देण्याआधी ताप मोजायचा, गुदद्वारातून मात्र कधीच नाही. पोहोचताच ‘केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली’ हे सांगायचं. रक्ताची कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू शोधणारी तपासणी, घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. कोरोनाची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून बॅक्टेरियाचा संसर्ग नाही असं ठरत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

आता ‘केमो थांबवा’. 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या 800 रुग्णांचा अभ्यास आला. सगळ्यांना कॅन्सरही होता आणि कोरोनाही. त्यातले 28 टक्के दगावले. आकडा भयंकर आहे, धोका जास्त असतो हे मान्यच. पण तो लस येण्याआधीचा काळ होता, आणि तेव्हाही बहुतेक जण वाचले. शिवाय वय, लिंग, इतर आजार हिशेबात धरल्यावर, आधीच्या चार आठवड्यांत केमो घेतलेल्यांत मृत्यू लक्षणीय वाढलेला आढळला नाही. वाढत्या वयाचा, हृदयविकाराचा, रक्तदाबाचा संबंध मात्र दिसला. संसर्ग झालेला असताना डॉक्टर एखादी फेरी पुढे ढकलतात, हे खरं. पण ती किती ढकलायची हे कॅन्सरचा प्रकार आणि रक्ताचे रिपोर्ट पाहून ठरतं. कोरोना होईल या भीतीने घरच्या घरी केमो सोडली तर गाठ मोकळी सुटते.

लसीने काखेतल्या लसिकाग्रंथी काही आठवडे सुजू शकतात, एवढं खरं. तो कॅन्सर नव्हे. मॅमोग्राफी किंवा पेट (PET) स्कॅन असेल तर लस कधी, कोणत्या हातावर घेतली ते सांगा. स्तनाचा कॅन्सर असेल तर विरुद्ध बाजूच्या हातावर घ्या. काही रक्ताच्या कॅन्सरांत दिल्या जाणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधानंतर जवळपास सहा महिने अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत, म्हणून लसीची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. अशा रुग्णांत विषाणू कित्येक आठवडे रेंगाळू शकतो, तेव्हा घरातल्या इतरांनीही लस घ्यावी.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: निर्माट्रेलविर-रिटोनाविर हे कोरोनावरचं गोळ्यांचं औषध लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. त्यातलं रिटोनाविर यकृतातलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे व्हेनेटोक्लॅक्ससारख्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधाची रक्तातली पातळी धोकादायक वाढते. म्हणून चालू गोळ्यांची पूर्ण यादी, डोससकट, आजच लिहून फाइलला लावा.