बंड्याचं धुराचं मशीन आणि नदीवरची चिलटं

पुण्यात केशवनगरला मुठा नदीवर किड्यांचा काळा खांब घोंगावत उठला होता, 'डासांचं वादळ' म्हणून. तो २०२४ च्या फेब्रुवारीतला व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, एकमेकांना पाठवलाही होता. यंदा नदीवर पुन्हा तसाच काळा खांब दिसल्यावर बंड्याने सोसायटीसाठी धुराचं मशीन भाड्याने आणलं. सेक्रेटरी आहे तो. मशीन म्हटलं की त्याच्या अंगात येतं.

"दोनदा मारला धूर. डास साफ!" कट्ट्यावर टेकत त्याने जाहीर केलं.

"आणि आज?" नीलिमा.

"आज नवीन आलेत."

नीलिमा ज्युनिअर कॉलेजात झूऑलॉजी शिकवून रिटायर झाली, पण बंड्या दिसला की तिचा तास सुरू होतो. टपरीच्या ट्यूबखाली मेलेल्या किड्यांचा खच पडला होता. त्याच्या शेजारी एक जिवंत बसला होता, तो तिने अलगद बिलाच्या कागदावर घेतला. "बघ. बसताना पुढचे पाय वर धरलेत. डास मागचे उचलतो. मिशा पिसांसारख्या, म्हणजे नर. आणि रक्त प्यायला सोंडच नाही. ही चिलटं आहेत रे, कायरोनोमिड. याला डास म्हणायचं तर तुला इंजिनिअर म्हणावं लागेल."

बंड्याची डिग्री हा जुना विषय. मोहसीन हसता हसता चहा सांडून बसला.

"चावत नाही तर एवढे जमतात कशाला?"

"वधूवर मेळावा आहे तो. संध्याकाळी नर एखाद्या झाडाच्या शेंड्यावर, नाहीतर तुझ्या टकलावर घोंगावत राहतात. मादी आत शिरते, जोडी जमली की बाहेर. मग पाण्यावर चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते. फार तर चार-पाच दिवसांचं आयुष्य. तू धूर मारतोस तो मरायला टेकलेल्यांवर. बाकीचा सगळा बारदाना खाली चिखलात, रेशमाच्या नळ्या करून बसलाय."

"लाल अळ्या ना?" मोहसीनचं टाकीत पाळायच्या माशांचं दुकान आहे. "ब्लडवर्म, माशांचा खाऊ. फ्रीजरमध्ये पाकिटं पडलीत माझ्या."

"त्याच. अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून लाल. गटाराच्या पाण्यात ऑक्सिजन संपला की बाकीचे किडे मरतात, या टिकतात. आपल्याकडे पाणी कोमट, दोन-चार आठवड्यांत अंड्याची माशी. पावसाळ्यात पूर तळ खरवडून नेतो; नंतर पाणी संथ झालं, गाळ बसला, की पुन्हा चालू."

"म्हणजे घाणच ना!" बंड्या उसळला. "मी आइसलँडला जाऊन आलोय. ते मायव्हॅटन तळं बघितलंय. एक चिलट नाही! शिस्त आहे तिथे."

नीलिमाने कप खाली ठेवला. आम्ही सरसावून बसलो.

"कुठल्या महिन्यात गेला होतास?"

"मार्च. नॉर्दर्न लाइट्सला."

"दिसले?"

"ढग होते."

"तळं गोठलेलं होतं, बंड्या. चिलटं बर्फाखाली चिखलात होती. मे-जूनमध्ये गेला असतास तर तोंड उघडायची सोय नव्हती, जी तुझी मोठी अडचण आहे. पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये दुसरी खेप. सदतीस चौरस किलोमीटरचं तळं, खोली सरासरी अडीच मीटर. तळापर्यंत ऊन, म्हणून शेवाळ, म्हणून अळ्या. तिथली बदकं आणि ट्राउटच्या जातीतले मासे त्यांच्यावर जगतात. चिलटं आटली की लोक काळजीत पडतात."

"आटतात कशी? धूर मारतात?" शिऱ्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"स्वतःच स्वतःचं खाणं संपवतात. दर चार ते नऊ वर्षांनी भरती-ओहोटी. भरतीचं वर्ष आणि ओहोटीचं वर्ष यांत लाखो पटींचा फरक. १९७० च्या दशकापासून लोक सापळे लावून मोजतायत."

शिऱ्याने आईच्या खोकल्याचं काढलं, तेव्हा मात्र ती थट्टेवर गेली नाही. मेलेल्या चिलटांचा भुगा दम्याच्या माणसाला खरंच बाधतो, म्हणाली. खिडकीला जाळी लाव, बाल्कनीतला दिवा संध्याकाळी बंद ठेव. मोहसीनने हात पुढे केला. सुकवलेल्या अळ्या हाताळून त्याला खाज सुटते.

बंड्या एवढा वेळ गप्प म्हणजे काहीतरी शिजत होतं. "मोहसीन, पाकीट केवढ्याला रे? मग नदीतूनच काढू की अळ्या! चिलटंही कमी आणि सोसायटीला उत्पन्न."

"त्या गाळातल्या घातल्या तर गिऱ्हाइकाचे मासे मरतील. मग गिऱ्हाईक मला मारेल."

"धुऊन विकू. समिती नेमू. अध्यक्ष मी."

"अध्यक्ष हो, आजीव सभासद हो," मोहसीन म्हणाला, "फक्त खजिनदार होऊ नकोस."

२०१७ च्या गणपतीचा हिशेब अजून यायचाय. शिऱ्याने लगेच पावती क्रमांकापासून सुरुवात केली. नीलिमा इतकी हसली की कागदावरचं चिलट उडून बंड्याच्या चहात पडलं, आणि त्याने न बघता घोट घेतला.