स्पॅनिशच्या वर्तमानकाळाचे १८ प्रत्यय: एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

स्पॅनिश शिकू लागलेल्यांमध्ये एक तक्ता आणि त्याच्या जोडीचा एक सल्ला नेहमी फिरत असतो. नियमित क्रियापदांचे तीन गट आहेत आणि वर्तमानकाळात प्रत्येकाची सहा रूपे होतात, म्हणून १८ प्रत्यय घोकावेत. प्रत्येक रूपाआधी सर्वनाम म्हणावे. ही रूपे सर्व स्पॅनिशभाषक देशांत सारखीच चालतात. आणि मराठीचा येथे उपयोग नसल्याने सगळे इंग्रजीवरून समजून घ्यावे, असे त्यात सांगितलेले असते. तीन गट आहेत एवढे खरे. बाकीचे तपासून पाहावे लागते.

प्रत्येक गटातले एकेक क्रियापद घेऊ. 'आब्लार' म्हणजे बोलणे, 'कोमेर' म्हणजे खाणे आणि 'बिबिर' म्हणजे राहणे किंवा जगणे. 'मी', 'तू', 'तो' किंवा 'ती', 'आम्ही', 'तुम्ही', 'ते' या क्रमाने त्यांची रूपे अनुक्रमे अशी होतात: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान, कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन, बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबीस, बिबेन. पुन्हा पुन्हा येणारे प्रत्यय वगळले तर १८ पैकी १३ उरतात, आणि तेही सुटे नाहीत. 'मी'चे रूप तिन्ही गटांत 'ओ'कारान्तच असते. पुढे 'तू'साठी 'स', 'आम्ही'साठी 'मोस', 'तुम्ही'साठी 'इस' आणि 'ते'साठी 'न' लागतो, तर 'तो' किंवा 'ती'साठी काहीच लागत नाही. बदलतो तो फक्त या खुणांच्या आधीचा, त्या गटाचा स्वर. तिसऱ्या गटाचा 'इ'सुद्धा 'आम्ही' आणि 'तुम्ही' या दोनच रूपांत टिकतो, इतरत्र तेथे दुसऱ्या गटाचा 'ए' येतो.

घोकंपट्टीत जे सुटते ते अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे आघात, म्हणजे उच्चारताना एखाद्या अक्षरावर दिलेला जोर. प्रत्येक गटाच्या सहांपैकी चार रूपांत आघात क्रियापदाच्या मूळ भागावर पडतो आणि 'आम्ही' व 'तुम्ही' या दोन रूपांत तो प्रत्ययाकडे सरकतो. मराठीत आघाताने क्रियापदाचा काळ बदलत नसल्यामुळे आपले कान तिकडे दुर्लक्ष करतात. स्पॅनिशमध्ये मात्र 'आब्लो'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलतो' आणि शेवटच्या अक्षरावर दिला तर 'तो बोलला' असा अर्थ होतो. 'पेन्सार' (विचार करणे) हे क्रियापद नियमित नाही, पण त्याचे 'पिएन्सो' होते आणि 'पेन्सामोस' मात्र तसेच राहते, याचेही कारण हाच आघात आहे. मूळ भागावर जोर असेल तेथेच स्वर बदलतो.

सर्वनामाच्या आग्रहाला फार उत्तर देण्याची गरज नाही. आपण 'येतो' म्हणून निघतो तेव्हा 'मी' म्हणत नाही, तसेच 'आब्लो'आधी 'यो' लागत नाही. लावल्यास 'मीच' असा रोख येतो. 'आब्ला'चा कर्ता संदर्भाने कळत नसेल, तर सर्वनाम घालावे.

सर्वत्र सारखीच रूपे, हेही खरे नाही. लॅटिन अमेरिकेत 'आब्लाइस' रोजच्या बोलण्यात नाही. तेथे अनेकांना उद्देशून 'उस्तेदेस' आणि 'आब्लान' म्हणतात, म्हणजे तक्त्यातली पाचच रूपे कामी येतात. अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये 'तू'साठी 'बोस' हे सर्वनाम वापरतात आणि त्याच्या 'आब्लास' व 'कोमेस' या रूपांत आघात शेवटच्या अक्षरावर असतो.

राहिला मराठीच्या निरुपयोगीपणाचा मुद्दा. 'उद्या तिच्याशी बोलतो' किंवा 'तीन वर्षांपासून येथे राहतो' ही वाक्ये स्पॅनिशमध्येही साध्या वर्तमानकाळातच बसतात, तर इंग्रजीत दुसऱ्या वाक्यासाठी वेगळा काळ लागतो. म्हणजे येथे इंग्रजीच वाट चुकवते. मराठीही दोन ठिकाणी फसवते, हे मान्य केले पाहिजे. 'बोलतो' आणि 'बोलते' असा लिंगभेद स्पॅनिशमध्ये नाही, दोघेही 'आब्लो'च म्हणतात. दुसरी अडचण आदराची आहे: 'साहेब बोलतात' या सवयीने आपण 'उस्तेद' (एकाच व्यक्तीसाठीचे आदरार्थी 'आपण') या सर्वनामापुढे 'आब्लान' लावून मोकळे होतो, पण तेथे एकवचनी 'आब्ला' हवे, कारण 'उस्तेद' हे 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', अशा तृतीयपुरुषी एकवचनी संबोधनातून आलेले आहे.