ओहायो आणि माझा डावा पाय

2008 सालच्या अमेरिकन निवडणुकीत मला मत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण 5 नोव्हेंबरला पहाटे साडेचारचा गजर लावून उठलेला मी पाहिला असता, तर उमेदवार मीच आहे असा कुणाचाही समज झाला असता.

तिकडे 4 तारखेची संध्याकाळ होती, मतदान कुठेकुठे नुकतंच संपत होतं. इकडे मी अंधारात, टीव्हीचा आवाज बारीक करून बसलेलो. तरी आई उठलीच. पहाटे घरात उजेड दिसला की तिचा एकच प्रश्न असतो.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गं. ओबामा."

"तो गेला?"

"गेला नाही, उभा आहे."

"मग बसू दे की त्याला. तू झोप."

झोपणार कसा? तिथे निकाल जाहीर करायला आपल्यासारखा निवडणूक आयोग नसतो. रात्रभर टीव्हीवाले आपापल्या हिशोबाने एकेक राज्य वाटून टाकतात. राज्य जिंकलं की त्याच्या वाट्याची प्रतिनिधी-मतं मिळतात. ती एकूण 538, त्यातली 270 झाली की व्हाइट हाउस. त्यात रंगांचा घोळ. लाल म्हणजे डावे, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं. तिथे लाल म्हणजे रिपब्लिकन! नकाशावर लाल चढला की मी आधी खूश व्हायचो आणि मग भानावर यायचो. मध्येच शिकागोत उभी असलेली एक बातमीदार न्यूयॉर्कच्या स्टुडिओत, कॅमेऱ्यांच्या करामतीने, अंगाभोवती निळसर प्रभा घेऊन, साक्षात प्रकट झाली. आईने सवयीने हात जोडले.

साडेपाचला मी तोंड धुवायला उठलो आणि केंटकी राज्य ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मकेन यांना गेलं. केंटकी त्यांनाच जाणार होतं, हे जगाला ठाऊक होतं. मलाही होतं. पण क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला असल्या गोष्टी पटत नाहीत. मी उठलो म्हणून गेलं. त्यानंतर डावा पाय दुमडून जो बसलो तो हललो नाही. पेनसिल्व्हेनिया ओबामांकडे आलं, पायाला मुंग्या आल्या. पावणेआठच्या पुढे ओहायो आलं, तेव्हा पाय आहे की नाही तेच कळत नव्हतं. ओहायो जिंकल्याशिवाय एकही रिपब्लिकन आजवर राष्ट्राध्यक्ष झालेला नव्हता, म्हणजे आता उठायला हरकत नव्हती. पण 2000 साली ओबामांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांचा फ्लोरिडात 537 मतांनी झालेला घात आठवला आणि पुन्हा बसलो. ऑफिसात "पोट बिघडलंय" असं कळवलं. इतका वेळ न उठल्यामुळे ते फारसं खोटंही राहिलं नव्हतं.

आईला मात्र नकाशात रस नव्हता. ओबामांची आजी निकालाच्या जेमतेम दोन दिवस आधी हवाईत वारली, एवढं तिने पेपरात वाचलं होतं. "नातवाला वाढवलं बिचारीने. दोन दिवस थांबायची होती." मी सांगितलं, आजीने आधीच टपालाने मत दिलं होतं आणि ते धरलंही जाणार होतं. त्यावर आई जी शेजारी येऊन बसली, ती उठलीच नाही. आता त्या घरातलं एक मत तिच्या ओळखीचं होतं.

बरोब्बर साडेनऊला पश्चिम किनाऱ्यावरचं मतदान संपलं आणि पडद्यावर ओबामांचं नाव झळकलं. मकेननी चिडलेल्या समर्थकांना हाताने गप्प करत हार मान्य केली. ते भाषण मला फार आवडलं. शिकागोच्या ग्रँट पार्कात लाखोंची गर्दी, आणि तिच्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर काम केलेले जेसी जॅक्सन, गालांवरून पाणी वाहतंय. 1961 साली ओबामा जन्मले तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत त्यांच्या आईवडिलांचं लग्नच बेकायदा ठरलं असतं. हे मी आईला सांगायला गेलो, पण आवाज फुटेना.

"पाय दुखतोय का रे?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

पुढे दोन आठवडे मी एका राज्यासाठी अडून बसलो होतो. 365 मतं मिळवून माणूस केव्हाच जिंकला होता, पण मिसुरीचा निकाल लागत नव्हता. अखेर चार हजारांहून कमी मतांनी ते मकेनकडे गेलं. मी हळहळत स्वयंपाकघरात शिरलो.

"आई, मिसुरी गेली गं."

आईने गॅस बंद केला. "अगं बाई! कधी? आजारी होती का?"