ॲसिडिटीच्या गोळ्यांनी किडनी जातेच, असं नाही

‘पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल घेणाऱ्यांची किडनी हमखास निकामी होते’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. 2016च्या एका अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये किडनीचा जुनाट आजार जास्त दिसला होता. पण तो गोळ्यांमुळेच झाला, हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. पुढे 2019च्या कॉम्पास चाचणीत सुमारे 17,600 हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना पॅन्टोप्राझोल, निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली. तीन वर्षांत किडनीच्या आजारात ठळक फरक आढळला नाही.

क्वचित एखाद्याच्या किडनीला ॲलर्जीसारखी सूज येते, हे मात्र खरं. लघवी कमी झाली, ताप किंवा पुरळ आलं, तर लगेच डॉक्टरांना गाठा, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी काम करतेय हे त्यावरून कळतं) तपासून घ्या. मनानेच वर्षानुवर्षं गोळी घेणंही बरं नाहीच. पण अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेल्यांनी मेसेज वाचून ती परस्पर बंद केली, तर जीवावर बेतू शकतं.