काळ्या टाकीतलं तापलेलं पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

साठवणीच्या पाण्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "सोलापूरचं ४३ डिग्रीचं ऊन जन्मभर बघतोय. दुपारी गच्चीवरच्या टाकीला हात लावला तर चटका बसतो. त्यात कुठला जंतू जगणार? आमच्या काळ्या टाकीत शेवाळसुद्धा धरत नाही. उगाच लोकांना घाबरवू नका."

शेवाळाचं तुम्ही बघितलंत ते अगदी खरं. त्यावरून काढलेला अर्थ मात्र मला पटत नाही, आणि गप्पही राहवत नाही. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो आणि साठवलेलं तेच पाणी घरातली लहान पोरं पितात.

शेवाळ धरत नाही ते अंधारामुळे. त्याला स्वतःचं अन्न तयार करायला उजेड लागतो. टाकीचं झाकण फुटू द्या, कवडसा पडतो तेवढ्याच जागी हिरवं दिसायला लागेल. बहुतेक जिवाणूंना उजेडाशी देणंघेणं नसतं. त्याच टाकीच्या भिंतीवर आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागेल. तो जिवाणूंनी स्वतःभोवती केलेला चिकट थर. त्याच्या आडोशाला क्लोरीनही नीट पोचत नाही.

आता उन्हाचं. चटका बसतो तो टाकीच्या वरच्या भागाचा, आतलं पाणी तेवढं तापत नाही. आणि चाळिशीच्या आसपास तापलं तरी काय? आपल्या आतड्यातले जिवाणू ३७ अंशांवर मजेत वाढतात. न्यूमोनिया करणारा लेजिओनेला साधारण २५ ते ४५ अंशांत फोफावतो. अमेरिकेत यलोस्टोनच्या ७० अंशांच्या झऱ्यांतही जिवाणू सापडलेत. समुद्रतळाच्या गरम झऱ्यातला एक सूक्ष्मजीव तर प्रयोगशाळेत, प्रचंड दाबाखाली, १२२ अंशांवर वाढला. प्रकाशावर जगणारे मात्र ७३ अंशांच्या आसपास थांबतात.

ऊन जंतू मारतं, हे खोटं नाही. पण ते काम मुख्यतः अतिनील किरणांचं. गाळलेलं, नितळ पाणी पारदर्शक बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात ठेवायची पद्धत आहे, ती त्यावरच चालते. काळ्या टाकीत हे किरण शिरतच नाहीत. म्हणजे जो अंधार शेवाळाला अडवतो, तोच जिवाणूंना सांभाळतो.

वाढ खरी अडते ती ओल नसली की. आपली कडक भाकरी महिनाभर डब्यात खुशाल राहते. मऊ भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. ज्वारी तीच, उन्हाळाही तोच, एकीतलं पाणी तेवढं गेलेलं. टाकीत तर पाणीच पाणी.

तेव्हा टाकी रिकामी झाली की काथ्याने भिंती घासून काढा, तळाचा गाळ उपसा. पिण्याच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा, नाहीतर चांगलं खळखळून उकळा. नुसती तुरटी फिरवू नका. तिने गढूळपणा खाली बसतो, त्याबरोबर बरेच जंतूही बसतात, पण ते मरत नाहीत. पिंप हललं की पुन्हा वर येतात.