मोठ्या देणगीच्या आधी छोटी वर्गणी

माझ्या नात्यातले निम्मे लोक शिक्षक. त्यामुळे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारणाखालोखाल चर्चा होते ती कॉलेजांची आणि विद्यापीठाची. सध्या वाद रंगलाय तो असा: गोवा विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांकडे पैसे मागावेत का? फोंड्याचा भाचा, स्वतः प्राध्यापक, ठाम आहे. “मामा, विद्यापीठ चलोवप हें सरकाराचें काम. आमी कित्याक पयशे दिवचे?” मडगावचा धाकटा भाऊ दुसऱ्या टोकाला. पाच-पाचशे रुपये गोळा करत बसण्यात काय अर्थ, असे त्याचे म्हणणे. नंदन निलेकणींनी 2023 मध्ये आयआयटी मुंबईला 315 कोटी दिले, तसा एखादा गडगंज गोंयकार गाठावा, इमारतीला त्याचे नाव द्यावे, विषय संपला.

मला दोघांचेही पटत नाही. भाच्याचे त्यातल्या त्यात जास्त पटते.

इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ज्या विद्यापीठात मी पीएचडी केली, तेही सरकारीच. नोकरी लागली तेव्हापासून मी त्याच्यासाठी बिनपगारी पैसे मागत आलोय. निवृत्तीनंतर जरा जास्तच. सुरुवात फोनवरून झाली. एका खोलीत दहाबारा जण, पुढ्यात नावांची यादी, आणि ऐन जेवणाच्या वेळी अनोळखी माणसाकडे 25 डॉलर मागायचे. बहुतेक जण नम्रपणे नाही म्हणत, उरलेले नुसतेच नाही म्हणत. मागताना जीभ अडखळते, ती पहिल्या वर्षी. पुढे तुकडीचा प्रतिनिधी झालो, विभागाच्या सल्लागार मंडळावर गेलो, शिष्यवृत्ती समिती सांभाळली. काम तेच राहिले: मागणे, आभाराचे पत्र हाताने लिहिणे, पैशांचे काय झाले ते कळवणे आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागणे.

भावाला जे दिसत नाही ते इथेच. मोठी देणगी आकाशातून पडत नाही. माझ्या यादीतले जे लोक शेवटी मृत्युपत्रात विद्यापीठासाठी काही ठेवून गेले, ते बहुतेक सगळे आधी वर्षानुवर्षे 25 आणि 50 डॉलर देणारे होते. निलेकणींचेच घ्या. त्यांनी आयआयटीत प्रवेश घेतला 1973 मध्ये. 315 कोटी आले पन्नास वर्षांनी, आणि त्याआधी त्यांनी 85 कोटी दिलेलेच होते. मधल्या काळात संस्थेने नाते टिकवले, ते बातमीत येत नाही.

शिवाय बडा माणूस गाठण्याची सवय आपल्याला जडली ती 1961 च्या गोवामुक्तीनंतर. 1962 मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज उभे राहिले, उद्योगपती घराण्यांच्या बळावर. त्यांचे ऋण कुणी नाकारू नये. त्या कॉलेजांनी कित्येक घरांतली पहिली पदवी दिली. पण त्याआधीचा गोवा वेगळ्या पद्धतीने शाळा उभारत होता. पणजीतली मुष्टिफंड संस्था 1908 ची. पोर्तुगीज अमलात मराठी शाळेसाठी घरोघरी मूठभर तांदूळ बाजूला काढले जात, त्यातून तिचा खर्च भागे. तीन वर्षांनी, 1911 मध्ये, फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ निघाले. तेव्हा ना खाणींचा पैसा होता ना कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर). पुढे तो पैसा आला आणि 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर तो किती बेभरवशाचा होता तेही कळले.

आता भाच्याकडे वळतो. त्याची भीती खरी आहे, आणि अमेरिकेतले फंडरेझिंगचे गोडवे गाणारे अनिवासी हा भाग गाळतात. इथल्या सरकारी विद्यापीठांना मिळणारा राज्याचा वाटा दशकानुदशके घटत गेला आणि फी वाढत गेली. ‘तुमच्याकडे देणगीदार आहेत ना’ हे वाक्य आमदारांच्या तोंडी सहज येते. पर्वरीच्या विधानसभेतल्या आमदारांना ते शिकायला वेळ लागणार नाही. दुसरा धोका धनाढ्यांचा. 2023 च्या शेवटी पेनसिल्व्हेनिया आणि हार्वर्ड विद्यापीठांत बड्या देणगीदारांनी हात आखडते घेतले. डिसेंबरात पेनसिल्व्हेनियाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, जानेवारीत हार्वर्डच्या. कारणे अनेक होती, पण दात्यांचा दबाव सगळ्या जगाने पाहिला. पाचशे देणारे हजारो असले तर कुलगुरूंना फोन करून धमकावणार कोण?

म्हणून माझे म्हणणे असे: पगार, इमारत, प्रयोगशाळा हे सरकारच्याच अंगावर राहू दे, त्यातला रुपयाही देणगीतून नको. देणगीचा अक्षयनिधी करावा. मुद्दलाला हात लावायचा नाही, वर्षाला चारपाच टक्के खर्चायचे, ही अमेरिकेतली रीत. एक कोटी जमले तर दरसाल चारपाच लाख. काणकोण किंवा सत्तरीहून ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात, येणाऱ्या मुलांचे बसभाडे, वसतिगृह, क्षेत्रभेटी यांसाठी ही रक्कम छोटी नाही. आणि वेळही नेमकी आहे. विद्यापीठ 1985 मध्ये सुरू झाले. पहिल्या तुकड्या आता निवृत्तीच्या वयात आहेत, मुले मार्गी लागलेली, मृत्युपत्राचा विचार डोक्यात. त्यांना आजवर कुणी फोन केलाय?

पण मागणाऱ्याने हिशेब द्यायला हवा. गोव्यातल्या एका संस्थेला मी काही वर्षांपूर्वी रक्कम पाठवली होती. तिथे गेलो तेव्हा शाल, श्रीफळ, फोटो, भाषण सगळे झाले. पैसे कशावर खर्च झाले हे विचारल्यावर मात्र सगळे चहाच्या व्यवस्थेकडे धावले. देवळाच्या महाजनांच्या सभेत जत्रेच्या खर्चातल्या नारळांवरून भांडणारे आपण लोक, शिक्षणाच्या पैशाबाबत इतके भिडस्त कसे?

एक व्यवहाराची अडचणही आहे, आणि ती गोव्याला इतरांपेक्षा जास्त नडते. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकते, ते अनेकांनी घेतले. भारतीय पासपोर्टवाला अनिवासी आपल्या बचतीतून बँकेमार्फत दान करू शकतो. ती विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्ट पोर्तुगीज असेल, किंवा माझ्यासारखा अमेरिकन, तर तेच पैसे विदेशी ठरतात. मग शिक्षणसंस्थेने चालवलेल्या कॉलेजला ते घेण्यासाठी एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 पासून नोंदणीकृत संस्थेला ते दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावे लागतात. स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी करणाऱ्या गोंयकाराने हे सगळे शोधून काढून आपल्या जुन्या कॉलेजला वीस पौंड पाठवावेत, अशी अपेक्षा कशी करणार? कोणत्या पासपोर्टवाल्याने कोणत्या खात्यात पैसे भरावेत आणि पावती किती दिवसांत मिळेल, एवढे कॉलेजने आपल्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत लिहावे. भाच्याच्या कॉलेजात हे काम करायला माणूस नसेल तर मजकूर मी लिहून देतो. तपासून तो वर चढवायचे काम त्याने करावे.